वीज पन्नास वर्षांची, राखण लाख वर्षांची

भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र कोणते? शाळेत हा रिकामी जागा भरण्याचा हमखास प्रश्न असायचा. 'तारापूर' लिहिले की एक गुण मिळायचा. महाराष्ट्रातल्या मुलांना तो गुण जरा जास्तच प्रिय होता, कारण गाव आपल्याच किनाऱ्यावरचे. पुढच्या इयत्तेत होमी भाभा यायचे, मग विक्रम साराभाई, मग पोखरण. वीज तयार झाल्यावर भट्टीत काय उरते आणि ते कुठे ठेवतात, हे मात्र कुठल्याच इयत्तेत आले नाही.

अणुविजेवर वाद निघाला की बोलणे चेर्नोबिल आणि फुकुशिमावर जाऊन थांबते. स्फोट डोळ्यांना दिसतो, त्याची तारीख असते, त्यावर माहितीपट निघतात. मला त्याहून मोठा वाटतो तो न फुटणारा धोका. सगळे सुरळीत चालले, एकही अपघात झाला नाही, तरी जे मागे राहते त्याचे काय? या प्रश्नाचा इतिहास जगात साधारण सत्तर वर्षांचा आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्या पालघर जिल्ह्यातच लिहिला गेला.

तारापूरसाठी भारत आणि अमेरिका यांच्यात १९६३ साली तीस वर्षांचा करार झाला. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने दोन भट्ट्या बांधल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांची वीज व्यावसायिक पातळीवर सुरू झाली. प्रत्येकी २१० मेगावॅटच्या या भट्ट्या पुढे १६० मेगावॅटवर आणाव्या लागल्या. त्यांना समृद्ध युरेनियम लागे, आणि ते अमेरिकेने पुरवायचे असे ठरले होते. वापरलेल्या इंधनाचे काय करायचे, यासाठी करारात एक कलम होते. त्यावर पुनर्प्रक्रिया करायची झाल्यास, सुरक्षेच्या अटी नीट पाळता येतील असे दोन्ही देशांनी मिळून ठरवायचे.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिला अणुस्फोट झाला आणि वातावरण बदलले. अमेरिकेने १९७८ साली अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला, इंधनाच्या खेपा अडू लागल्या. इंदिरा गांधी आणि रेगन यांच्यात १९८२ साली तोडगा निघाला की इंधन फ्रान्सने द्यावे. मूळ कराराची मुदत १९९३ला संपली तेव्हा फ्रान्सनेही हात वर केले. मग चीन आला, त्यानंतर रशिया. नव्या इंधनासाठी असे दारोदार फिरणे चालू असताना जुने वापरलेले इंधन तारापुरातच साचत होते. अमेरिका ते परत नेत नव्हती आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करायला संमतीही देत नव्हती. तारापुरात पुनर्प्रक्रियेचा कारखाना उभा होता, पण या इंधनासाठी त्याचे दार बंद. पाण्याच्या टाक्या भरत आल्या तेव्हा आवारातच साठवणुकीची वेगळी सोय करावी लागली.

त्या विजेवर मुंबईत जे पंखे फिरले ते केव्हाच भंगारात गेले. ज्या गिरण्या चालल्या त्यांच्या जागी मॉल आले. करार करणारे बहुतेक सगळे अल्लाला प्यारे झाले. इंधन मात्र तिथेच होते आणि दोन सरकारे त्याच्या मालकीवरून पत्रव्यवहार करीत होती.

आता हे वापरलेले इंधन म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात सांगतो. युरेनियमच्या गोळ्या भरलेल्या लांब नळ्या भट्टीत काही वर्षे राहतात. अणू फुटतात, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते, वाफेवर जनित्र फिरते. इथपर्यंत ते कोळशाच्या केंद्रासारखेच. फरक राखेत आहे. कोळशाची राख थंड होते. अणुइंधनाची 'राख' बाहेर काढल्यावरही स्वतःच तापत राहते, म्हणून तिला कित्येक वर्षे खोल पाण्यात बुडवून ठेवावे लागते. तिच्याजवळ उघड्याने उभे राहिलेला माणूस काही मिनिटांत मरणाच्या वाटेला लागतो. सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचे अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचे, म्हणजे त्यांचा जोर ओसरायला तीनशे वर्षे तरी पाहिजेत. प्लुटोनियम-२३९चे अर्धायुष्य २४,१०० वर्षांचे. आज ठेवलेल्या किलोभर प्लुटोनियमपैकी अर्धा किलो चोवीस हजार वर्षांनीही शिल्लक असेल. त्याचा हजारावा हिस्सा उरेपर्यंत अडीच लाख वर्षांच्या आसपास जावी लागतात.

तीनशे वर्षे ही कल्पनेत मावणारी गोष्ट आहे. तीनशे वर्षांपूर्वी पहिला बाजीराव आणि निजामुल्मुल्क होते, त्यांची पत्रे आपण वाचतो. चोवीस हजार वर्षांपूर्वी शेती नव्हती, गाव नव्हते, लिपी नव्हती, आज बोलली जाणारी एकही भाषा नव्हती. बहमनी सल्तनत दीडशे-पावणेदोनशे वर्षांत पाच तुकड्यांत फुटली. विजापूरची आदिलशाही १४९० ते १६८६, दोनशे वर्षे पुरी नाहीत. मोगल, मराठे, इंग्रज, प्रत्येकाला वाटले की आपली राजवट कायमची. मुसलमानांना 'कायमचे' या शब्दाचा अनुभव आणखी जवळचा आहे. वक्फ केलेली जमीन कयामतपर्यंत वक्फच राहते, असा आपला कायदा आणि आपली श्रद्धा. प्रत्यक्षात शंभर-दीडशे वर्षांत कागद गहाळ होतात, मुतवल्ली बदलतात, सात-बाऱ्यावर भलतेच नाव चढते. अल्लाच्या नावाने दिलेल्या अमानतीची ही गत. मग वीज कंपनीच्या अमानतीची राखण हजारो वर्षे कोण करणार?

जगाने काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. जर्मनीने आस्से नावाच्या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात कमी आणि मध्यम किरणोत्साराच्या कचऱ्याची सव्वा लाखावर पिंपे ठेवली. मीठ कोरडे असते, तिथे पाणी शिरणार नाही, असे तज्ज्ञांचे मत होते. १९८८पासून खाणीत खारे पाणी झिरपताना दिसू लागले, रोज हजारो लिटर. आता ती सगळी पिंपे पुन्हा वर काढायचे ठरले आहे. ते काम अजून सुरू व्हायचे आहे आणि ते संपायला किती दशके लागतील हा अंदाजाचा विषय आहे. म्हणजे 'लाखो वर्षांचा' बंदोबस्त वीस वर्षे टिकला. जर्मनीने आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद केल्या. सर्वांत घातक कचऱ्यासाठी कायमची जागा शोधण्याचे काम तिथे अजून चालूच आहे.

अमेरिकेने १९८७ साली नेवाडातला युक्का पर्वत कायद्याने मुक्रर केला. अब्जावधी डॉलर खर्चून बोगदे खणले, मग स्थानिक विरोध आणि राजकारण यांत तो प्रकल्प बंद पडला. तिथल्या केंद्रांचा कचरा आजही बहुतांशी ज्या त्या केंद्राच्या अंगणात आहे. न्यू मेक्सिकोत अण्वस्त्रांच्या कारखान्यांतल्या कचऱ्यासाठी मिठाच्या थरात खोल साठवण केंद्र १९९९ साली उघडले. दहा हजार वर्षांचा विचार करून बांधलेल्या या जागेत २०१४च्या फेब्रुवारीत एक पिंप फुटले. कारण काय, तर पिंपात ओलावा शोषण्यासाठी भरायची मांजराची वाळू. आधी ती मातीची असे. बदलून सेंद्रिय वाळू आली, तिची आतल्या नायट्रेटशी प्रक्रिया झाली आणि उष्णता वाढत गेली. केंद्र जवळपास तीन वर्षे बंद राहिले. दहा हजार वर्षांतली पहिली पंधरा वर्षेच काय ती नीट गेली होती, आणि घोळ झाला तो किराणा दुकानातल्यासारख्या खरेदीत.

ब्रिटनमध्ये काल्डर हॉलचे केंद्र १९५६ साली राणी एलिझाबेथच्या हस्ते सुरू झाले. २००३ साली ते बंद झाले, सत्तेचाळीस वर्षे चालून. ते ज्या आवारात आहे त्या सेलाफिल्डची साफसफाई सरकारी वेळापत्रकाप्रमाणे २१२५ सालापर्यंत चालणार आहे आणि तिथल्या लेखापरीक्षकांनी २०२४मध्ये सांगितलेला खर्च आहे १३६ अब्ज पौंड. काल्डर हॉलची वीज वापरणाऱ्यांच्या पणतवंडांनी हे बिल भरायचे. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांनी १९५४ साली म्हटले होते की पुढच्या पिढीला वीज इतकी स्वस्त मिळेल की मीटर लावायची गरज उरणार नाही. आता मीटर भलतीकडेच फिरतो आहे.

फिनलंडचे काम मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. ओल्किलुओटो बेटावर खडकात चारशे मीटरहून खोल त्यांनी 'ओंकालो' नावाचे भुयार २००४पासून खणायला घेतले. वापरलेले इंधन तांब्याच्या जाड डब्यात, डब्याभोवती चिकणमाती आणि शेवटी भुयार बुजवून टाकायचे. हिशेब एक लाख वर्षांचा. मधल्या काळात हिमयुग येऊन वर किलोमीटर-दोन किलोमीटर बर्फ साचेल, हेही त्यांनी धरले आहे. छोटा देश, पक्का खडक, सरकारवर विश्वास ठेवणारी प्रजा आणि कचराही आपल्या मानाने थोडा. एवढे सगळे जुळून यायला फिनलंडच पाहिजे.

या जागांवर इशारा कसा लिहायचा, यावर अमेरिकेत १९८०च्या दशकात सरकारी समिती बसली होती. दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाला 'इथे खणू नका' हे सांगायचे कोणत्या भाषेत? थॉमस सेबिओक या चिन्हशास्त्रज्ञाने १९८४ साली सुचवले की लेखी पाट्यांवर भिस्त ठेवू नये. जाणकारांचा एक पंथ तयार करावा आणि त्याने दंतकथा, विधी, भीती यांच्या आधाराने ही माहिती पिढ्यान्‌पिढ्या पुढे न्यावी. थोडक्यात, अणूचे पुजारी. हे वाचून मला हसू आले होते. आपल्याकडे कुठल्याशा टेकडीवर नाग राखणीला बसला आहे असे कळले की लोक पळत नाहीत, अमावास्येला कुदळ घेऊन जातात. मिसरच्या फिरऔनांच्या थडग्यांवर शापवाणी होती, म्हणून चोर थांबले का?

वाचता न येणाऱ्या इशाऱ्यांची एक गोष्ट आपल्या इतिहासात नोंदलेली आहे. सुलतान फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात टोपरा गावातून एक उंच दगडी स्तंभ दिल्लीला आणवला. शम्स सिराज अफीफ तेव्हा बारा वर्षांचा होता, त्याने पुढे या साऱ्याचे वर्णन लिहून ठेवले. स्तंभाच्या पायाशी सावरीच्या कापसाचा ढीग रचून तो हळूच आडवा केला, बेचाळीस चाकांच्या गाडीवर चढवला, यमुनेतून नावांवर आणला आणि फिरोजाबादच्या कोटल्यात उभा केला. स्तंभावर अक्षरे कोरलेली होती. सुलतानाने पंडितांना बोलावले, ती कोणालाच वाचता येईनात. तरी काहींनी सांगितले की फिरोज नावाचा बादशाह येईपर्यंत हा खांब कोणी हलवू शकणार नाही, असे यावर लिहिले आहे.

तो अशोकाचा स्तंभ होता. लेख ब्राह्मीत होता, प्रजेला उद्देशून होता, सगळ्यांनी वाचावा म्हणून मुद्दाम कोरला होता. सोळाशे वर्षांत त्याचे एक अक्षर लावणारा माणूस दिल्लीत उरला नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडेपर्यंत आणखी पाचेक शतके गेली. मला यात दोन गोष्टी दिसतात. लिपी मरते, ही एक. दुसरी अधिक गंभीर आहे. वाचता आले नाही तर माणूस गप्प बसत नाही, सत्ताधाऱ्याला आवडेल तो अर्थ काढून देतो. एवढे लांब कशाला, आमच्या कोकणातल्या जुन्या मुसलमान घरांत मोडीतल्या सनदा आणि खोतीचे कागद ट्रंकेत पडलेले असतात. पणजोबा ते सरसर वाचत. आज त्यातला आकडा लावायलाही जाणकार शोधावा लागतो.

त्याही मागे जाता येते, आणि त्यासाठी राजापूर तालुक्याबाहेर पडायचे कारण नाही. तिथल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कशेळीचा प्रचंड हत्ती, बारसूच्या सड्यावरचा दोन वाघांसारख्या प्राण्यांमध्ये उभा असलेला माणूस, देवाचे गोठणे, देवीहसोळ. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे पायपीट करून ही चित्रे उजेडात आणली. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्यांचे नाव लागले. काही अभ्यासक त्यांचे वय दहा हजार वर्षांपर्यंत मागे नेतात. काढणाऱ्यांना काहीतरी सांगायचे होते हे उघड आहे. काय सांगायचे होते, ते कोणालाही ठाऊक नाही. पूजा होती, शिकारीचा हिशेब होता, की 'इकडे येऊ नका' असे होते? गुरे चारणारी पोरे पिढ्यान्‌पिढ्या त्यांवरून चालत आली.

याच तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर जगातला सर्वांत मोठा अणुविद्युत प्रकल्प आणायचे ठरले. जैतापूर प्रकल्प म्हणजे प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे आणि वरिलवाडा यांची मिळून ९३८ हेक्टर जमीन. सरकारी कागदांत ती बरीचशी नापीक ठरली. सड्याला नापीक म्हणणारा माणूस श्रावणात तिकडे गेलेला नसतो. २०१०च्या नोव्हेंबरात पर्यावरण खात्याने ३५ अटी घालून मंजुरी दिली. लगेच डिसेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले आणि अरेव्हा कंपनीशी करार झाले.

खाडीच्या तोंडाशी साखरीनाटे आहे. मच्छीमारांची वस्ती, बहुसंख्य मुसलमान. त्यांची जमीन जात नव्हती, त्यामुळे भरपाईच्या यादीत त्यांचे नाव शोधूनही सापडेना. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. भट्ट्या थंड करायला समुद्राचे पाणी आत घेणार आणि काही अंशांनी गरम करून परत सोडणार, तेही दिवसाला हजारो कोटी लिटर. एका वृद्ध तांडेलने मला विचारले होते, "साहेब, तुम्ही शिकलेले. बांगड्याला गरम पाणी चालतं काय?" किनाऱ्यावर वाढणारे मासे पाण्याच्या एक-दोन अंशांनीही जागा बदलतात, हे त्याला कुठल्या अहवालात वाचायची गरज नव्हती, त्याचे सगळे आयुष्य त्याच हिशेबावर गेले होते. वर सुरक्षेच्या नावाखाली समुद्रात फिरायला बंदी किती मैलांची येणार, ही धास्ती. तारापूरला तिसरी आणि चौथी भट्टी झाली तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली होती. किनाऱ्यावरचा माणूस आत नेऊन बसवला की काय होते, त्याची माहिती नातेवाइकांकरवी, बाजारातून कोकणभर पोहोचलेली होती.

११ मार्च २०११ला फुकुशिमा झाले. जगभर अणुकार्यक्रमांचा फेरविचार सुरू झाला, जर्मनीने भट्ट्या बंद करायचे ठरवले. कोकणात १८ एप्रिलला साखरीनाटेत आंदोलन चिघळले, जमाव पोलीस ठाण्यावर गेला, पोलिसांनी गोळीबार केला. एक तरुण मच्छीमार ठार झाला. फुकुशिमानंतर सहा आठवडेही उलटले नव्हते. माडबनचे शेतकरी बहुतेक हिंदू, नाट्याचे मच्छीमार बहुतेक मुसलमान, आणि ही लढाई दोघांनी एकत्र लढली. महाराष्ट्राने याची पुरेशी दखल घेतली असे मला वाटत नाही. दंगल झाली असती तर घेतली असती.

आता त्या अरेव्हाकडे बघा. २००१ साली जन्मलेली ही कंपनी तोट्यात बुडाली, २०१६ ते २०१८ दरम्यान तिची मोडतोड झाली, भट्ट्यांचा धंदा ईडीएफकडे गेला, खाणींचा भाग ओरानो नावाने वेगळा झाला. २०१०मध्ये सही करणारी कंपनी त्या नावाने आज शिल्लक नाही. हिच्याच धर्तीची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला २००७ साली बांधायला घेतली होती, २०१२ला पुरी होणार होती. ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४मध्ये, आणि ३.३ अब्ज युरोचा अंदाज १३ अब्जांच्या वर गेला. फिनलंडमधली २००५ची भट्टी २०२३मध्ये नियमित चालू झाली. ईडीएफने जैतापूरसाठी २०२१ साली नवा प्रस्ताव दिला. त्यावरचा अंतिम करार हे लिहीपर्यंत झालेला नाही. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला एन्रॉनही आली होती. १९९२ साली सामंजस्य करार, २००१मध्ये केंद्र बंद आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोर. ते गॅसचे केंद्र होते म्हणून नुसते पैशांवर भागले.

या साखळीचे दुसरे टोक नायजरमध्ये आहे. सहारा वाळवंटातले आर्लित हे शहर फ्रेंच युरेनियम खाणींसाठी वसले, तुआरेग लोकांच्या चराऊ मुलखात. मुस्लिम देश, जगातल्या सर्वांत गरिबांपैकी. फ्रान्सची सुमारे दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून येते आणि नायजरमध्ये पाचांतल्या जेमतेम एका माणसाच्या घरी वीज आहे. तिथली अकूता खाण १९७८ ते २०२१ चालली. बंद झाली तेव्हा मागे राहिला दोन कोटी टन खडकाचा चुरा. युरेनियम काढून घेतले तरी धातुकातला बहुतेक किरणोत्सार या चुऱ्यातच राहतो, कारण रेडियम आणि थोरियम तिथेच असतात. थोरियम-२३०चे अर्धायुष्य पंचाहत्तर हजार वर्षांचे. वाळवंटातला वारा काही खाणीची हद्द पाहून वाहत नाही. आपल्याकडे झारखंडच्या जादूगोड्यात हीच गोष्ट संथाळ आणि हो आदिवासींच्या वस्त्यांलगत १९६०च्या दशकापासून चालू आहे. अणुवीज स्वच्छ आहे असे ऐकले की मी आधी विचारतो, कोणाच्या अंगणात?

दुसरी बाजू मी टाळत नाही. कोळसा रोज माणसे मारतो, चंद्रपूर आणि कोराडीच्या आसपास राहणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. अणुभट्टीतून कार्बन जवळपास निघत नाही. एका केंद्राचा वर्षाचा घातक कचरा आकाराने कोळशाच्या राखेच्या ढिगापुढे चिमूटभर असतो, हेही खरे. शिवाय भारताचे धोरण आहे की वापरलेले इंधन हा कचरा नसून ठेवा आहे. त्यातून प्लुटोनियम काढायचे, जलद प्रजनक भट्टीत जाळायचे, पुढे थोरियमकडे जायचे. भाभांचीच ही तीन टप्प्यांची योजना, १९५०च्या दशकातली. कागदावर ती सुंदर आहे. कल्पाक्कमची ५०० मेगावॅटची प्रजनक भट्टी २००४ साली बांधायला घेतली, २०१०ला सुरू व्हायची होती. तिच्या गाभ्याची भरणी सुरू व्हायलाच मार्च २०२४ उजाडला. आणि पुनर्प्रक्रियेने कचरा नाहीसा होत नाही, त्याचे रूप बदलते. सर्वांत जहाल द्रव काचेत मुरवून पोलादी डब्यांत भरतात. तारापुरातच असे डबे हवेने थंड ठेवलेल्या कोठारात आहेत. ते तिथे काही दशके राहणार, त्यानंतर खोल भूगर्भात कुठेतरी जाणार.

२०२५च्या अर्थसंकल्पात २०४७पर्यंत १०० गिगावॅट अणुविजेचे उद्दिष्ट जाहीर झाले. आज देशात नऊ गिगावॅटच्या आसपास आहे. त्यावर ज्या चर्चा झाल्या त्या खासगी कंपन्यांना दार किती उघडायचे आणि अपघाताची भरपाई कोणी द्यायची, याभोवती फिरल्या. २०१०च्या कायद्यात केंद्र चालवणाऱ्यावरची जबाबदारी १५०० कोटी रुपयांवर थांबत होती. भोपाळ पाहिलेल्या देशात तेवढ्यावरही केवढा वाद झाला. पण ही सगळी भरपाई अपघाताची. अपघात न होता दोनशे, दोन हजार, वीस हजार वर्षे जे राखायचे आहे त्याचा पगार कोणाच्या नावे टाकायचा, हे कुठल्या कलमात मी तरी वाचलेले नाही.

'भूगर्भात कुठेतरी' म्हणजे कुठे, हा प्रश्न भारतात एकदाच लोकांसमोर आला. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, एक किलोमीटरच्या आसपास खोलीवर, अणुशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात खडक तापवून पाहण्याचे प्रयोग केले होते. पुढे २००१ साली ती खाणच बंद झाली. २०१२च्या नोव्हेंबरात कुडनकुलमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर कचऱ्याच्या संदर्भात कोलारचे नाव निघाले. बातमी कोलारला पोहोचली आणि कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारे खाणकामगार आणि त्यांची मुले रस्त्यावर उतरली. काही दिवसांतच सरकारकडून खुलासा आला की कोलारमध्ये कचरा पुरण्याची कोणतीही योजना नाही. त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही जागेचे नाव जाहीर झालेले नाही. अणुऊर्जा खात्याचे म्हणणे आहे की आपल्याकडे कचरा थोडा आहे, अशा जागेची गरज पडायला अजून अनेक दशके आहेत. तोपर्यंत तो जिथे तयार होतो तिथेच राहील, तारापूरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर.